सेन्सर धुण्याचे काम कोणाचे?

मत्स्यतळ्यात प्राणवायू दिवसा जमा होतो आणि रात्री खर्च होतो, ही गोष्ट आता बहुतेक मत्स्यसंवर्धकांच्या चांगली परिचयाची झाली आहे. सूर्यप्रकाश असेतो पाण्यातील सूक्ष्म हिरवे शेवाळ प्राणवायू निर्माण करते. सूर्य मावळला की तेच शेवाळ, मासे, तळाचा गाळ व त्यातील जिवाणू असे सारे मिळून साठलेला प्राणवायू वापरू लागतात, आणि सूर्योदयापूर्वीच्या घटकेस तो सर्वांत कमी झालेला असतो. रोहू, कटला, मृगळ या माशांना दर लिटर पाण्यात ५ मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक प्राणवायू मिळत राहिला तर ते नीट खातात व वाढतात. तो ३ च्या खाली उतरला की त्यांचे खाणे मंदावते. १ च्याही खाली जाऊन काही तास तसाच राहिला तर सकाळी तळ्याच्या काठाला मेलेल्या माशांची रांग लागलेली दिसते. आठ-दहा महिन्यांचे श्रम, मत्स्यबीजाची व खाद्याची किंमत आणि कर्जाचा हप्ता ही सर्व एका रात्रीत बुडतात.

या भीतीपोटीच तळ्यावर प्राणवायू मोजणारे यंत्र येऊ लागले. कोकणातील खाजण जमिनींवरील कोळंबीची तळी, धरणाच्या जलाशयातील पिंजरे, आणि २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेच्या साहाय्याने उभ्या राहिलेल्या बायोफ्लॉकच्या टाक्या, अशा ठिकाणी पाण्यात सोडलेला सेन्सर व काठावर आकडा दाखविणारी पेटी दिसू लागली आहे. काही ठिकाणी हा सेन्सर एरेटरला जोडलेला असतो. प्राणवायू ठरावीक आकड्याच्या खाली गेला की एरेटर आपोआप सुरू होतो आणि राखणदाराला झोप मिळते. ही प्रगती स्वागतार्ह आहे. परंतु यंत्राची खरेदी, त्याचे अनुदान व त्याची उभारणी यांची जितकी चर्चा होते, तिच्या दशांशही चर्चा त्याच्या धुण्यापुसण्याची होत नाही, आणि या अनास्थेची किंमत मोठी आहे. बंद पडलेले यंत्र निदान आपण बंद आहोत एवढे तरी सांगते. मळलेले यंत्र मात्र आकडा दाखवीतच राहते, आणि तो आकडा खरा भासतो.

प्रकाशावर चालणाऱ्या या सेन्सरला देखभाल लागत नाही, असा एक समज विक्रेत्यांच्या बोलण्यातून पसरला आहे. त्याचे मूळ जुन्या यंत्रांत आहे. पाण्यातील प्राणवायू मोजण्याची रासायनिक रीत हंगेरीतील विंक्लर यांनी १८८८ साली सांगितली. ती आजही कसोटीची मानली जाते. मात्र तिला बाटल्या, रसायने व सरावलेला हात लागतो. पुढे १९५० नंतरच्या दशकात अमेरिकेतील लेलंड क्लार्क यांनी रक्तातील प्राणवायू मोजण्यासाठी पातळ पडद्याचा विद्युत्-अग्र तयार केला, व त्याच धर्तीची यंत्रे तळ्यांवर आली. त्यांतील पडदा फाटे, आतील द्रावण वरचेवर बदलावे लागे, आणि मोजताना ते अग्र स्वतःच थोडा प्राणवायू खात असल्यामुळे पाणी हलते ठेवावे लागे. प्रकाशाच्या सेन्सरला यांपैकी काहीच लागत नाही, हे खरे आहे. परंतु पडदा बदलावा लागत नाही याचा अर्थ तोंड धुवावे लागत नाही असा घेतला गेला, आणि तेथेच घोटाळा झाला.

या सेन्सरच्या टोकाला एक लहानशी टोपी असते. तिच्या दर्शनी भागावर विशिष्ट रंगद्रव्याचा पातळ थर दिलेला असतो. आतून निळा प्रकाश पडला की हा थर क्षणभर तांबूस प्रकाशाने उजळतो. पाण्यातील प्राणवायूचे कण थरात शिरले की ते ही चमक लवकर विझवितात. प्राणवायू जितका अधिक, तितकी चमक लवकर मावळते, आणि त्या विझण्याच्या वेळेवरून यंत्र आकडा काढते. म्हणजे सगळे मोजमाप त्या थरास प्रत्यक्ष भिडलेल्या पाण्याचे होते. तळ्यात पाणी कितीही असो, टोपीच्या तोंडाशी जे असेल तेच यंत्राला दिसते. तेथे शेवाळाचा पापुद्रा बसला असेल तर यंत्र तळ्याचा प्राणवायू न मोजता त्या पापुद्र्याचा मोजते.

हा पापुद्रा दोन्ही बाजूंनी फसवितो, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. दिवसा उन्हात त्यातील शेवाळ स्वतः प्राणवायू सोडते, त्यामुळे आकडा वास्तवाहून चढा दिसतो. रात्री शेवाळ व त्यातील जिवाणू प्राणवायू ओढून घेतात, त्यामुळे आकडा उतरलेला दिसतो आणि एरेटर गरज नसताना फिरत राहून विजेचे देयक वाढवितो. आठवडाभर असे झाले की राखणदाराचा त्या आकड्यावरील विश्वास उडतो. ‘हे यंत्र रोजच खोटे ओरडते’ असे म्हणून तो स्वयंचलित बटण बंद करून ठेवतो, आणि ज्या रात्री प्राणवायू खरोखरच घटतो त्या रात्री कोणी उठत नाही. मासे मेल्यावर दोष यंत्राला दिला जातो. गाळाचा लेप बसला तर प्रकार निराळा होतो: आकडा बदलतो, पण सावकाश, आणि पहाटेच्या वेळी अर्धा तास उशिरा कळणे म्हणजे न कळण्यासारखेच असते. टोपीच्या तोंडावर हवेचा बुडबुडा चिकटला तर आकडा भरल्या तळ्याचा दाखविला जातो. एरेटरच्या अगदी जवळ सेन्सर टांगणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे.

असे असता हे तोंड कोणी धुवावे? याविषयी दोन मते ऐकू येतात. पहिले असे की, यंत्र महागाचे व नाजूक आहे, मजुराच्या हाती ते देऊ नये. कंपनीचा तंत्रज्ञ तीन-चार महिन्यांनी येतो, त्यानेच ते स्वच्छ करावे. दुसरे मत असे की, जो दररोज माशांना खाद्य टाकतो त्याच्याच हाती हे काम असावे, मग तो मालक असो, घरची बाई असो वा मजूर असो. यांपैकी दुसरेच मत योग्य आहे, यात शंका नाही. उन्हाळ्यात हिरव्यागार पाण्यात टोपीवर पापुद्रा बसावयास दोन-तीन दिवस पुरतात. बायोफ्लॉकच्या टाकीत तर एका दिवसातच तोंड बुळबुळीत होते. तीन महिन्यांनी येणारा तंत्रज्ञ तेथे काय करणार? बैलाला खरारा करण्यासाठी कोणी तालुक्याहून माणूस बोलावीत नाही.

पहिल्या मतामागील भीती मात्र अगदीच निराधार नाही. अजाण हाताने टोपी खराब होऊ शकते व नवी टोपी स्वस्त मिळत नाही. घासणीच्या तारेने, सुरीच्या टोकाने किंवा नखाने खरवडल्यास रंगद्रव्याचा थर उडतो. स्पिरिट, ॲसिटोन, पेट्रोल, रॉकेल यांसारखी द्रावके तो थर बिघडवितात. दवाखान्यातील सवयीने स्पिरिटचा बोळा फिरविणारे लोक आढळतात, त्यांना वेळीच थांबविले पाहिजे. कडक उन्हात कोरडी टोपी उघडी ठेवली तर थराचा रंग विटतो. आणि कुतूहलापोटी टोपी उगाच फिरवून काढली तर तिच्याखालील काचेवर ओल व धूळ जाते. हे चार अपाय टाळणे ज्याला समजले त्याच्या हाती सेन्सर द्यावयास हरकत नाही. ते समजावून देण्यास एक दुपार पुरे आहे. आडाणीपणाच्या भीतीने यंत्र मळके ठेवणे, हा त्यावरील उपाय नव्हे.

धुण्याची रीत सोपी आहे. सेन्सर पाण्याबाहेर काढून सावलीत आणावा. टोपी न काढता तोंडावर स्वच्छ गोडे पाणी सोडून सैल गाळ वाहू द्यावा. नंतर भांडी घासण्याच्या सौम्य साबणाचे दोन थेंब पाण्यात घालून मऊ फडक्याने, अगर लहान मुलांच्या मऊ दातब्रशाने, तोंड व त्याच्या कडा हलक्या हाताने पुसाव्यात. शेवटी साबणाचा अंशही राहणार नाही असे पुन्हा धुवावे. सेन्सरच्या दांड्यावर व तारेवर साचलेले शेवाळही काढावे, कारण तेथूनच ते पुन्हा तोंडाकडे सरकते. खाऱ्या पाण्यात टोपीभोवती चुनखडीसारखे कठीण कवच किंवा बारीक शिंपले धरतात. ते खरवडू नयेत. काही उत्पादक अशा वेळी पातळ व्हिनेगरमध्ये पाव तास भिजवून मग स्वच्छ पाण्यात ठेवण्यास सांगतात. परंतु आपल्या यंत्राच्या पुस्तिकेत तशी मुभा आहे की नाही हे आधी पाहावे, कारण सर्व टोप्या एका जातीच्या नसतात. ही पुस्तिका बहुधा इंग्रजीत असते व पेटीच्या तळाशी पडून राहते. तिच्यातील स्वच्छतेचे पान मराठीत उतरवून तळ्याच्या झोपडीत लावणे, हे गावपातळीवरील कार्यकर्त्याने करण्याजोगे फार उपयुक्त काम आहे.

धुण्याची वेळही महत्त्वाची आहे. पहाटे आकड्याची सर्वाधिक गरज असताना सेन्सर काढून बसणे चुकीचे. सायंकाळी दिवेलागणीपूर्वी ते काम उरकावे, म्हणजे रात्रभर पहारा स्वच्छ डोळ्याने होतो.

किती दिवसांनी धुवावे, या प्रश्नाला सर्वांसाठी एकच उत्तर देणे बरोबर होणार नाही. एका तळ्यात जे दोन दिवस, ते दुसऱ्यात हिवाळ्यात दहा दिवसही असू शकते. याचा निवाडा तळ्यालाच करू द्यावा. बादलीभर तळ्याचे पाणी सावलीत घेऊन त्यात मळका सेन्सर बुडवावा व आकडा स्थिर झाला की लिहून घ्यावा. लगेच धुऊन त्याच बादलीत पुन्हा बुडवावा व दुसरा आकडा लिहावा. दोहोंत लिटरला अर्ध्या मिलिग्रॅमहून अधिक अंतर पडत असेल तर धुण्याची पाळी फार लांबली असे समजून ती निम्म्यावर आणावी. अंतर नगण्य असेल तर एखादा दिवस वाढवावयास हरकत नाही. अशी दोन आकड्यांची वही दोन महिने ठेवली तर कोणत्याही तज्ज्ञाच्या सल्ल्यापेक्षा ती अधिक खरे सांगेल. शिवाय मालक तळ्यावर नसताना सेन्सर खरोखर धुतला गेला की नाही, हेही त्या वहीतून कळते.

स्वच्छ सेन्सरही कालांतराने थोडा चळतो, म्हणून त्याचे प्रमाणीकरण, म्हणजे ज्याला सर्वजण कॅलिब्रेशन म्हणतात ते, मधूनमधून करावे लागते. घाणेरड्या तोंडाने प्रमाणीकरण करणे म्हणजे वजनाच्या पारड्यात माती ठेवून काटा शून्यावर आणणे होय; म्हणून आधी धुणे, मग प्रमाणीकरण. त्यासाठी बहुतेक यंत्रांबरोबर एक प्याला मिळतो. त्याच्या तळाशी ओला स्पंज ठेवून त्यात सेन्सर असा ठेवावा की तोंड स्पंजाला वा पाण्याला लागणार नाही आणि तोंडावर थेंब राहणार नाही. दहा मिनिटे सावलीत थांबल्यावर आतील हवा ओलाव्याने भरलेली असते. तेथे यंत्राने शंभर टक्के दाखविले पाहिजे. शून्याची कसोटी घेणे असल्यास सोडियम सल्फाईट पाण्यात विरघळवून केलेल्या द्रावणात सेन्सर बुडवितात. ते मीठ पाण्यातील प्राणवायू नाहीसा करते. त्यानंतर सेन्सर भरपूर पाण्याने धुवावयास मात्र विसरू नये.

येथे गावाची उंची मध्ये येते. समुद्रकाठी ३० अंश तपमानाच्या गोड्या पाण्यात लिटरला सुमारे ७.५ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. पुण्यासारख्या सुमारे ५६० मीटर उंचीच्या गावी हवेचा दाब कमी असल्याने त्याहून सहा टक्क्यांनी कमी मावतो. ज्या यंत्रात हवेचा दाब मोजण्याची सोय नसते त्यात तो हाताने भरावा लागतो. मुंबईत लावून आणलेले यंत्र घाटमाथ्यावर तसेच टांगले तर पहिल्या दिवसापासूनच चूक सुरू होते.

खाऱ्या पाण्याचे त्याहून अधिक आहे. पाणी जितके खारट तितका प्राणवायू त्यात कमी मावतो. समुद्राच्या पूर्ण खारट पाण्यात गोड्यापेक्षा सुमारे एक पंचमांश कमी. सेन्सरला मात्र खारटपणा दिसत नाही. तो प्राणवायूचा दाब ओळखतो व मिलिग्रॅमचा आकडा हिशेबाने काढतो. त्या हिशेबात खारटपणा शून्य धरलेला असेल आणि तळ्यात तो हजारी २० भाग असेल, तर आकडा दहा-बारा टक्क्यांनी फुगतो. ४.४ दिसते तेथे प्रत्यक्षात ४ च्याही किंचित खाली असते, आणि कोळंबीच्या दृष्टीने ती सीमारेषा आहे. पालघर-रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या खाडीकाठी उन्हाळ्यात पाणी खारट होत जाते व मृगाच्या पावसानंतर झपाट्याने गोडे होते. सेन्सर धुण्याच्या वहीतच खारटपणाचा एक रकाना ठेवून यंत्रातील आकडा त्याप्रमाणे बदलत जाणे, हा यावरील सोपा मार्ग होय.

आणखी एक प्रमाद शेततळ्यांवर सर्रास घडण्यासारखा आहे. सेन्सर बांबूला किंवा काठच्या खांबाला पक्का बांधतात. शेततळ्यातील पाणी पिकाला दिले जाते, उन्हाने आटते, आणि वैशाखात केव्हातरी पाण्याची पातळी सेन्सरच्या खाली उतरते. मग तो हवेत लोंबकळत राहतो. हवेत प्राणवायू भरपूर असल्याने पेटीवर शंभर टक्क्यांच्या जवळपासचा उत्तम आकडा दिसतो आणि एरेटर स्वस्थ बसतो. पाणी थोडे, माशांची दाटी जास्त, उष्मा कमालीचा, अशा सर्वांत धोक्याच्या दिवसांत यंत्र सर्वांत जास्त निर्धास्त असते! सेन्सर तरंगत्या डब्याला टांगावा, म्हणजे पाण्याबरोबर तोही उतरेल. तो तळाच्या गाळात रुतू नये यासाठी दोरी बेताची ठेवावी. रात्रभर एकसारखा, जरासाही न हलणारा चांगला आकडा दिसला तर आनंद मानण्याऐवजी काठावर जाऊन पाहावे.

तळे निर्जंतुक करण्यासाठी ब्लीचिंग पावडर टाकावयाची असेल तेव्हा सेन्सर आधी बाहेर काढणे बरे. हंगाम संपल्यावर तो धुऊन, पुस्तिकेप्रमाणे ओलसर टोपणात, उन्हापासून दूर ठेवावा. गोदामात खतांच्या गोण्यांवर तो फेकलेला दिसतो, ते पाहून वाईट वाटते.

या सर्वांचा विचार करता एक गोष्ट स्पष्टपणे म्हणावीशी वाटते की, प्रत्येक शेततळ्याला कायमचा बसविलेला सेन्सर हवाच, हा आग्रह अनाठायी आहे. दहा-वीस गुंठ्यांच्या तळ्यात विरळ बीज सोडणाऱ्या शेतकऱ्याला पाच-सहा जणांत मिळून घेतलेले एक हातातील मीटर अधिक उपयोगी पडते. ते पाण्यात काही मिनिटेच राहते, त्यावर शेवाळ धरत नाही, आणि दर वेळी पुसून ठेवले जाते. मात्र एका तळ्यातून दुसऱ्यात नेताना ते जंतुनाशकाने नव्हे तर साबणपाण्याने धुऊन, स्वच्छ पाण्यात खळबळून, पूर्ण कोरड्या फडक्याने दांडा पुसून न्यावे. रोग मीटरबरोबर फिरू नये. कायमचा सेन्सर शोभतो तो दाट संवर्धनाला, जेथे वीज गेल्यावर तासाभरात अनर्थ होऊ शकतो. अशा ठिकाणी जनित्र तयार आहे की नाही, हे सेन्सरच्याही आधी पाहिले पाहिजे. आकडा कितीही खरा असला तरी तो एरेटर फिरवू शकत नाही.

जेथे कायमचा सेन्सर घ्यावयाचाच आहे तेथे खरेदीच्या अंदाजपत्रकात टोपीची तरतूद हवी. टोपी साधारणतः एक ते दोन वर्षे चालते. नेमकी मुदत उत्पादक देतो. ती संपल्यावर रंगद्रव्य क्षीण होते व कितीही धुतले तरी आकडा स्थिर राहत नाही. अनुदान पहिल्या खरेदीला मिळते, दुसऱ्या टोपीच्या वेळी मात्र शेतकरी एकटा असतो, आणि कित्येक सेन्सर याच टप्प्यावर कायमचे अडगळीत जाण्याचा धोका असतो. यंत्राबरोबर एक जादा टोपी, मऊ ब्रश व प्रमाणीकरणाचा प्याला घेतल्याखेरीज देयक मंजूर करू नये, असा दंडक योजना राबविणाऱ्यांनी घालून घेतला तर खर्च थोडा वाढेल, पण दिलेले अनुदान पाण्यात जाणार नाही. काही टोप्यांवर त्यांचा स्वतंत्र सांकेतिक क्रमांक असतो व नवी टोपी बसविताना तो यंत्रात भरावा लागतो. खरेदीच्या दिवशीच हे विक्रेत्याकडून, खाद्य टाकणाऱ्या माणसाच्या देखत, एकदा करवून घ्यावे, आणि टोपी बसविल्याची तारीख वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावी.